एफएमआरआयमध्ये औषधाचा मेंदूवरचा परिणाम शरीरावरच्या परिणामापासून वेगळा कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की औषध दिल्यावर एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, बोल्ड सिग्नल (रक्तातल्या ऑक्सिजनवरून मेंदूच्या कामाचा अंदाज देणारा) बदलला, तर तो मेंदूतला बदल की नुसता श्वास-रक्तदाबाचा, हे कुठल्या सॉफ्टवेअरने कळेल. सॉफ्टवेअरने नाही कळणार. हा प्रश्न स्कॅनच्या आधी सोडवावा लागतो. यावरून माझं एकदा कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून लिहितेय.

पीएचडीच्या वेळी परदेशातल्या एका लॅबमध्ये आम्ही निरोगी व्हॉलंटियरना रेमिफेंटानिल (अफूच्या जातीचं, म्हणजे ओपिऑइड, वेदनाशामक) देऊन वेदनेचा अभ्यास करत होतो. हाताला अधूनमधून चटका, आणि मध्येच डोळ्यांसमोर काळ्या-पांढऱ्या चौकटी लुकलुकवायच्या. औषध सुरू झालं की चटक्याला इन्सुलातून (वेदनेशी संबंधित मेंदूच्या भागातून) येणारा प्रतिसाद घसरायचा. सगळे खूश. पेपरचा मसुदाही तयार. चौकटींचा डेटा मात्र कुणी उघडलाच नव्हता. मी उघडला. दृष्टीच्या कॉर्टेक्समधला प्रतिसादही जवळपास तसाच घसरला होता. म्हणजे ही घट फक्त वेदनेची नव्हती.

मग श्वासाच्या नोंदी काढल्या. एका मुलाच्या पोटावरच्या पट्ट्याची रेघ अजून डोळ्यांसमोर आहे: आधी मिनिटाला १४ लाटा, ड्रिप चढल्यावर विरळ होत होत ८. उच्छ्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड ३८ वरून ४७ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबावर. ओपिऑइडने श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तप्रवाह आधीच वाढलेला असला की चेतापेशींनी तेवढंच काम केलं तरी बोल्डला वर चढायला जागा उरत नाही.

आमचे सीनियर म्हणाले, "रेट्रोइकॉर (डेटातला ठोक्या-श्वासाचा गोंगाट काढायची पद्धत) लावलंय ना, श्वास साफ झालाय." नाही झालेला! २००० साली आलेली ती पद्धत प्रत्येक ठोक्याबरोबर, प्रत्येक श्वासाबरोबर सिग्नलमध्ये होणारी हालचाल काढते. काही मिनिटांत हळूहळू साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ती हात लावत नाही. मग म्हणाले, कार्बन डायऑक्साइडचाच रिग्रेसर (डेटातून वजा करायचा घटक) घाल. पण तो औषधाच्या पातळीबरोबरच चढतो. तो वजा केला की सुक्याबरोबर ओलंही जळतं, औषधाचा खरा परिणामही जातो.

करायचं ते असं: प्लासिबोच्या (औषधाऐवजी बनावट डोस देण्याच्या) दिवशी श्वासाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळून त्याची पातळी औषधाच्या दिवसाइतकी आणायची. दुसरी वाट म्हणजे शरीरावर तसाच परिणाम करणारं, पण मेंदूत जवळजवळ न शिरणारं भावंड-औषध; उदाहरणार्थ, स्कोपोलामाइन या औषधासाठी मिथाइलस्कोपोलामाइन. ओपिऑइडला ही वाट फारशी उपयोगाची नाही, कारण श्वास मंदावतो तो मुळात मेंदूच्या खोडातूनच. रक्तदाब हलवणाऱ्या औषधांबद्दल मी स्वतः काम केलेलं नाही.

आणि हो, जादा कार्बन डायऑक्साइडने माणूस घाबराघुबरा होतो, त्याचा मेंदूवर परिणाम होतोच. शेजारी डॉक्टर आणि एथिक्सची परवानगी हवीच. कॅफीनसारखं औषध मेंदूच्या रक्तवाहिन्याच आकुंचित करतं, तिथे कार्बन डायऑक्साइड जुळवून भागत नाही. एएसएलने (रक्तप्रवाह मोजणाऱ्या एमआरआयच्या पद्धतीने) मूळ रक्तप्रवाह मोजा.

आमचा पेपर चौकटींची आकृती वगळून गेला, आणि मी माझं नाव काढून घेतलं. तुमच्या प्रयोगात चौकटी नसतील तर आजच घाला, पाच-सहा मिनिटं लागतात. आणि ती आकृती पुरवणीत टाकू नका, पहिल्या पानांवर छापा.