पाटल्या गहाण ठेवून फाइव्ह ॲक्सिस शिकावं का?

वाचकाचा प्रश्न: वय 28, आयटीआय टर्नर. नाशिकच्या अंबडला एका जॉबवर्क कंपनीत सव्वाचार वर्षांपासून सीएनसी (कॉम्प्युटरच्या सूचनांवर धातू कापणारं मशीन) ऑपरेटर आहे. ग्रॉस 20,500, बेसिक 15,000, ओव्हरटाइम धरून हातात साधारण 22,000 पडतात. घरी बायको, मुलगी आणि आई. घरखर्च 16,000, गाडीचा हप्ता 2,900 (सात राहिलेत), एसआयपी 2,000. एफडी 1,10,000 ची आहे, बायकोच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या आहेत. पुण्यात फाइव्ह ॲक्सिस (पाच दिशांनी हालचाल करणारं सीएनसी मशीन) प्रोग्रॅमिंगचा सहा महिन्यांचा फुल टाइम कोर्स आहे. फी 1,40,000, "पगार 35,000 पासून, शंभर टक्के प्लेसमेंट". नोकरी सोडून करावा म्हणतो. सातपूरला रविवारचा एक क्लासही आहे. सीएनसी-व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन), पाच महिने, 18,000 रुपये. पण त्याला काही वजन नाही असं मित्र म्हणतात. एफडी मोडू की पाटल्या गहाण ठेवू?

उत्तर: दोन्ही नको. का, ते सांगतो. आधी फी नीट मोजू, कारण ती 1,40,000 नाहीच.

सहा महिने पगार बंद म्हणजे 1,32,000 गेले. कंपनी तुमच्या पीएफमध्ये महिन्याला जे 1,800 टाकते त्याचे 10,800. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, येणं-जाणं मिळून महिन्याला 9,000 धरले तर 54,000. झाले 3,36,800. आणि पत्रात तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाही ती ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं नोकरी केल्यावर सोडताना कंपनीने द्यायची रक्कम. तुमची सव्वाचार वर्षं झालीत. आणखी नऊ महिने टिकलात तर पाच वर्षं भरतात आणि बेसिक 15,000 वर सुमारे 43,000 रुपयांचा हक्क तयार होतो. आज राजीनामा दिलात तर तो गेला. एकूण 3,80,000.

आता दुसरी बाजू. कोर्सनंतर तुम्हाला 30,000 मिळाले असं धरू. 35,000 हा आकडा जाहिरातीतला आहे, तो मी हिशोबात घेत नाही. महिन्याला 8,000 जास्त, म्हणजे घातलेले पैसे वसूल व्हायला जवळजवळ चार वर्षं. तेही लगेच नोकरी लागली तर. शिवाय त्या सहा महिन्यांत नाशिकच्या घराला खर्च आणि गाडीचा हप्ता मिळून 18,900 दरमहा लागणारच आहेत. एफडी तिथेच संपते, मग फीसाठी पाटल्या. गोल्ड लोनमध्ये बरेच जण वर्षभर फक्त व्याज भरतात आणि मुद्दल एकदम द्यायची वेळ आली की धावपळ करतात. नोकरी नसताना सोनं गहाण ठेवू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

पण शिकूच नका असं मी अजिबात म्हणत नाही. उलट तुम्ही उशीर केलाय.

अंबडमधल्या माझ्या एका क्लायंटच्या वर्कशॉपमध्ये मी एकदा तासभर उभा होतो. टर्निंग सेंटरवर (सीएनसी लेथवर) बोअर, म्हणजे पार्टचं आतलं भोक, 12 मायक्रॉनने (0.012 मिलिमीटरने) मोठा येत होता. ऑपरेटरने मशीन थांबवून सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या माणसाला, हाक मारली. सेटरने बोअर गेज लावला, इन्सर्टची (टूलच्या टोकाच्या पात्याची) कड बघितली, वेअर ऑफसेटच्या (टूलची झीज भरून काढणाऱ्या आकड्यांच्या) पानावर गेला आणि त्या टूलच्या एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे 0.012 टाकलं. पुढचा पार्ट पास. अर्ध्या मिनिटाचं काम. पण दशांश चिन्ह चुकलं तर काय होतं हे त्या माणसाला ठाऊक होतं. पगारातला फरक असतो तो याचा. पार्ट लावणाऱ्या-काढणाऱ्याला कंपनी उद्या बदलू शकते. ड्रॉइंग वाचून टूल लावणारा, ऑफसेट घेणारा, पहिला पार्ट पास करून देणारा माणूस कंपनी सहजी सोडत नाही.

तुम्ही ऑपरेटर आहात. पुढची पायरी सेटरची, त्यानंतर प्रोग्रॅमरची. फाइव्ह ॲक्सिस ही त्याच्याही वरची गोष्ट. ते मशीन लागतं टर्बाइनची पाती, गुंतागुंतीचे साचे, विमानाचे भाग अशा कामांना. अंबड-सातपूरच्या गाळ्यांमध्ये बहुतेक काम दोन ॲक्सिसचं टर्निंग आणि तीन ॲक्सिसचं व्हीएमसी आहे. ओझरला एचएएल आहे हे मान्य, पण ती सरकारी कंपनी. तिथली भरती तिच्या जाहिरातीनुसार होते, क्लासच्या सर्टिफिकेटवर नाही. तीन ॲक्सिसवर स्वतः सेटिंग न केलेल्या माणसाच्या हातात कुठला मालक सर्वांत महागडं मशीन देईल?

तेव्हा सातपूरचा क्लास. "वजन नाही" हे मित्रांचं म्हणणं मला पटत नाही. वजन तुमच्या हाताला येणार आहे. फी भरण्याआधी तिथे जाऊन मात्र बघा: एका मशीनवर किती पोरं असतात, प्रत्येकाला प्रत्यक्ष धातू कापायला किती तास मिळतात की सगळं सिम्युलेटरवरच, कंट्रोलर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) फॅनक कंपनीचा आहे की सीमेन्सचा (तुमच्या कंपनीत जो आहे तोच असलेला बरा). मागच्या बॅचच्या दोघा-तिघांशी बोला. हेच प्रश्न पुण्यालाही फोन करून विचारा, आणि "शंभर टक्के प्लेसमेंट"चा अर्थ लेखी मागा. इंटरव्ह्यू लावून देणं आणि नोकरी लावून देणं यात फरक आहे.

पैशाचं असं करा. फी दोन हप्त्यांत द्यायची सोय आहे का विचारा. असेल तर पहिले 9,000 म्युच्युअल फंडात जमलेल्यातून काढा आणि पाच महिने एसआयपी थांबवा. त्यातून दुसरा हप्ता निघतो. एसआयपी थांबवा असं मी वर्षातून एखाद्या वेळी लिहितो, ही ती वेळ. एफडीला हात लावू नका, तुमच्याकडे अडीअडचणीला तेवढंच आहे. सात महिन्यांनी गाडीचा हप्ता सुटेल. ते 2,900 पुढच्या कॅड-कॅमच्या (कॉम्प्युटरवर डिझाइन आणि प्रोग्रॅम करण्याच्या) शिक्षणासाठी वेगळे ठेवत जा. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात केंद्र सरकारचं इंडो-जर्मन टूल रूम आहे. वर्षभराने पुढचं शिकायचं ठरलं तर पुण्याआधी तिथे चौकशी करा.

आता पगारवाढीतला एक खड्डा. तुमचं ग्रॉस 20,500 आहे म्हणून तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, आहात. त्याची मर्यादा 21,000. ग्रॉसवर जेमतेम 154 रुपये जातात आणि सगळं घर त्यात येतं. आईला स्वतःचं खास उत्पन्न नसेल तर त्याही. सेटर झाल्यावर कंपनीने ग्रॉस 22,000 केलं तर चालू सहामाहीची वर्गणी संपली की तुम्ही योजनेबाहेर. म्हणजे दीड हजाराच्या वाढीत मेडिक्लेम स्वतःच्या खिशातून. आईंना शुगर किंवा बीपी असेल तर त्यांचा प्रीमियम जड जातो, आणि आधीपासूनच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून वाढ मागताना थेट 25,000 मागा. 22,000 वर कबूल होणं तोट्याचं आहे. आणि वाढ हातात यायच्या आधीच पॉलिसीची चौकशी करून ठेवा. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत, तेव्हा तो करायला भिऊ नका. (नोकरी सोडून पुण्याला गेला असतात तर हे कवचही हळूहळू सुटलंच असतं.)

पुण्याचा कोर्स कायमचा रद्द समजू नका. दीड-दोन वर्षं सेटिंग केलंत, फाइव्ह ॲक्सिसचं मशीन असलेल्या एखाद्या कंपनीने हात बघून बोलावलं आणि फीचा निम्मा भार बाँड घेऊन का होईना उचलला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा हिशोब वेगळा असेल आणि ग्रॅच्युइटीही पदरात पडलेली असेल.

एक अडचण उरते. तुमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी असेल तर रविवारचा क्लास शिफ्टमध्ये अडकेल. बॅच सुरू व्हायच्या आत सुपरवायझरशी बोलून एखाद्या सहकाऱ्याबरोबर सुट्टी बदलून घ्या, आणि त्याच बोलण्यात विचारा की क्लास चालू असताना आठवड्यातून दोन दिवस सेटरच्या हाताखाली उभं राहू देतील का.