घरी बनवलेला रोबो प्रदर्शनात मांडताना काय काळजी घ्यावी?

काळ्या पट्टीवरून चालणारा तुमचा रोबो घरात नीट चालतो, आता तो परभणीच्या प्रदर्शनात मंडपात मांडायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी उन्हाचं बघा. त्याचे सेन्सर इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर, चालतात आणि उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. त्यामुळे काळं-पांढरं कळेनासं होतं आणि रोबो जागच्या जागी गिरक्या घेत बसतो. सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर लावा, टेबल मंडपाच्या आतल्या बाजूला मागून घ्या. सेन्सरवरचा छोटा स्क्रू तिथल्याच उजेडात पुन्हा फिरवून जुळवा. घरी जुळवलेलं तिथे उपयोगाचं नाही.

बॅटरी चौकोनी ९ व्होल्टची असेल तर बदलाच, मोटरला तिचा करंट पुरत नाही. १८६५० चे, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे, दोन सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात. मोटरी चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर त्यातले साधारण २ व्होल्ट खातो, तरी चाकांच्या छोट्या पिवळ्या बीओ मोटरी मजेत पळतात. चार्ज केलेली एक जोडी जादा न्या, मंडपातल्या लाइटीच्या भरवशावर राहू नका.

आणि लोकांना हात लावू द्या! लातूरला मी मातीतली ओल दाखवणारं यंत्र मांडलं होतं. काळ्या मातीच्या दोन कुंड्या, एक सुकी, एक भिजवलेली. एका आजोबांनी स्वतः दांडी खुपसली, आकडा बदललेला पाहिला आणि विचारलं, "कापसाला पाणी कवा द्यायचं, हे सांगतंय का?" त्यांच्याशी तासभर बोलत बसलो.