पूल कव्हरसाठी पॉलिसीवर कर्ज?

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो, वय ४२, दोन लहान मुलं. स्विमिंग पूलचं हिवाळ्यात घालायचं जाळीचं सेफ्टी कव्हर नऊ वर्षांचं झालंय, काठाजवळ दोन ठिकाणी फाटलंय. नवीन २,४०० डॉलरला पडतं. तीन वर्षांपूर्वीच्या इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीवर (शेअर निर्देशांकाशी परतावा जोडलेला आयुर्विमा) टॅक्स-फ्री कर्ज काढा, असं एजंट म्हणतो. हप्ता महिना ६०० डॉलर. तो झेपावा म्हणून ४०१-के (पगारातून कापली जाणारी निवृत्तीची बचत) बंद केलंय. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडली तर हाती येणारी रक्कम, ९,००० दिसते. पगार १,२०,०००, ४०१-केत पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत मी भरेन त्याच्या निम्मी भर कंपनी घालते. कर्ज काढू का?

उत्तर : नको. कव्हर यंदा ठिगळावर काढा. वीसेक डॉलरची चिकट जाळीची ठिगळं मिळतात. कोरडा दिवस बघा, तापमान ५० फॅरनहाइटच्या वर हवं; गारठ्यात गोंद धरत नाही. कव्हर उलटवून खाली प्लायवूड ठेवा, जागा धुऊन वाळवा आणि स्पिरिटने पुसा. ठिगळ फाटक्या भागाच्या चहूबाजूंनी दोन इंच जास्त घ्या आणि कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरे आधी सुटतात. दोन्ही बाजूंनी लावा, जोर देऊन घासा. डक्ट टेप अजिबात नको. थंडीत ती निघते आणि मागे राहिलेल्या चिकट्यावर ठिगळ बसत नाही. फाटलंय ते काठाच्या दगडावर घासून, त्यामुळे तिथे घासपट्टी लावल्याशिवाय ठिगळही टिकणार नाही.

पट्ट्याची शिवण उसवली असेल तर मात्र हे सगळं विसरा. सेफ्टी कव्हरने ४८५ पौंड पेलायला हवेत. घरात लहान मुलं आहेत. तिथे ठिगळ चालत नाही.

आता न विचारलेलं. पगाराचे सहा टक्के म्हणजे वर्षाला ७,२००. महिना ६००, नेमका तुमचा हप्ता! त्यावर कंपनीचे ३,६०० फुकट मिळत होते. तीन वर्षांत १०,८०० सोडले, आणि भरलेल्या २१,६०० चे ९,००० उरले. कर्ज म्हणजे या ९,००० चं तारण देऊन वर व्याज भरायचं. एजंटच्या कागदावर तीस वर्षं सलग सात टक्के छापलेले असतील. परताव्याला वरून मर्यादा असते, डिव्हिडंड धरत नाहीत आणि विम्याचा खर्च वयाबरोबर चढतो. हे तो कागद समोर ठेवताना सांगत नाहीत.

म्हणून या महिन्याच्या पगारापासून ४०१-के सहा टक्क्यांवर आणा. टॅक्स वाचल्यामुळे हातातला पगार ६०० ने नाही, पाचशेच्या आसपासच कमी होईल. राहिलेल्या शंभरात वीस वर्षांची पाच लाखांची टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा निव्वळ विमा) बसते. तब्येत ठीक असेल तर महिना साधारण ५० डॉलरला. ती मंजूर होऊन हातात आली की मगच जुनी सरेंडर करा, आधी नाही. भरलेल्यापेक्षा कमी परत येतंय, त्यामुळे त्यावर टॅक्स नाही. त्या ९,००० मधले २,४०० पुढच्या ऑक्टोबरच्या कव्हरसाठी बाजूला काढा. एजंटचा फोन येईल. सरेंडरचा फॉर्म लेखी मागा, बाकी काही बोलू नका.