घोडी आपली झाली, जुने कागद कोणाचे?

नाशिकजवळच्या एका वाचकांनी आपली अडचण कळवली आहे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात त्यांनी मुलीच्या रपेटीसाठी एका व्यापाऱ्याकडून पावणेतीन लाखांना मारवाडी घोडी घेतली. दीड महिन्यात ती पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागली, आणि एक्स-रेत खुरातील हाडाची झीज जुनी असल्याचे दिसले. व्यापाऱ्याच्या मोतद्दाराकडून (घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराकडून) कळले की तिच्यावर आधी एका खाजगी पशुवैद्यकाने आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही उपचार केले होते. तो पशुवैद्यक मात्र जुन्या मालकाच्या संमतीविना कागद देण्यास तयार नाही. घोडी माझी, तर तिचे कागद माझे नाहीत का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपली चीड मला समजते, पण उत्तर नकारार्थी आहे. विक्रीने घोडीची मालकी आपल्याकडे आली. तिच्या पूर्वीच्या उपचारांच्या नोंदी मात्र पशुवैद्यकाने त्या वेळच्या मालकासाठी केलेल्या आहेत आणि त्या घोडीबरोबर आपोआप हस्तांतरित होतात, असे मालविक्री अधिनियम, 1930 मध्ये कोठेही म्हटलेले नाही. त्यामुळे पशुवैद्यकाशी वाद घालू नये. संमती व्यापाऱ्याकडूनच, लेखी आणि नोंदणीकृत डाकेने मागावी : ‘सदर घोडीच्या विक्रीपूर्व उपचारांच्या नोंदी, एक्स-रे व औषधांच्या चिठ्ठ्या मला देण्यास आपली हरकत नाही, असे संबंधित पशुवैद्यकास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.’ त्याच पत्रात घोडीतील दोष कळवून आपण व्यवहाराबाबतचे सर्व हक्क राखून ठेवत आहात, हेही लिहावे. कारण वाजवी मुदत उलटूनही काही न कळवता घोडी ठेवून घेतल्यास मालविक्री अधिनियमाच्या कलम 42 अन्वये आपण ती स्वीकारली असे धरले जाते, आणि मग सौदा मोडण्याऐवजी बहुधा नुकसानभरपाईवरच समाधान मानावे लागते.

सरकारी दवाखान्याच्या नोंदवहीचा मार्ग वेगळा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये दहा रुपयांचे शुल्क भरून तेथील जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे 30 दिवसांची असते. मालकाचे नाव-पत्ता खाजगी असल्याची हरकत आली, तर कलम 10 प्रमाणे तेवढा भाग वगळून उपचारांची तारीख, निदान व औषधे द्यावीत, असे अर्जातच नमूद करावे.

आता मूळ मुद्दा. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 17 खालील पहिली तीन उदाहरणे घोड्याचीच आहेत, आणि ती आपण अवश्य वाचावीत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. परंतु ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’ असे घेणाऱ्याने म्हटल्यावरही तो गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच मानले जाते. आपल्या बाबतीत तर मौनाचा प्रश्नच नाही. ‘ही कधी लंगडली आहे का?’ या आपल्या प्रश्नावर व्यापाऱ्याने ‘चारही पायांनी साफ आहे, एकदाही डॉक्टर लागला नाही’ असे व्हॉट्सअॅपवर आवाजी संदेशात सांगितले आहे. खरेदीपूर्वी तपासणी का करून घेतली नाही, हा आक्षेप केवळ मौनावर आधारलेल्या तक्रारीत जड गेला असता. जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानापुढे त्याचे बळ बरेच कमी होते. म्हणून तो संदेश मूळ फोनमध्येच जपून ठेवा. पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

व्यापाऱ्याने संमती नाकारली, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करून कागद हजर करण्याचा आदेश मागता येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 चे कलम 38 आयोगाला तो अधिकार देते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. दिवाणी दाव्यातही पशुवैद्यकाला कागदांसह साक्षीसमन्स काढता येते, आणि न्यायालयाचा आदेश आल्यावर जुन्या मालकाची संमती हे कारण त्याला पुढे करता येत नाही.

तोवर घोडीवर स्वारी करू नये आणि ती विकूही नये. आपल्या पशुवैद्यकाकडून तारखेसह लेखी अहवाल घ्यावा, आणि त्यात तिचा रंग, कपाळावरचा टिळा, पांढरे पाय, प्रत्येक भोवरीची जागा व मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक लिहून घ्यावा. जुनी नोंद हाती आली की ‘ती घोडी वेगळी होती’ असा बचाव व्यापारी घेण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या वेळी याच खुणा उपयोगी पडतील.