मुलीला स्पॅनिश करू द्यावं का?

"मॅडम, पोरगी दिवसभर स्पॅनिश स्पॅनिश करते, पुढे पोट भरणारे का त्याच्यावर?" मी करिअरबद्दल मुलांना आणि पालकांना सल्ला देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत येतोच येतो. भाषा बदलते, कधी जर्मन असते कधी जपानी, हल्ली कोरियन पण खूप, पण आईवडिलांची काळजी तीच. म्हणून एका घराची गोष्ट सविस्तर लिहितेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि मुलीला विचारूनच लिहितेय.

श्रुती कळव्याची. ठाण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा आली माझ्याकडे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. वडील रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर, आई घरी ब्लाउज शिवते, मोठा भाऊ ऐरोलीला आयटीत. कॉलेजमध्ये लेक्चर संपल्यावर स्पॅनिशचा सर्टिफिकेट कोर्स चालायचा, मैत्रिणीने नाव घातलं म्हणून हिनेही घातलं, मैत्रीण महिन्याभरात गळली आणि ही राहिली. तिथवर कुणाला काही प्रॉब्लेम नव्हता. पण सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, हुकली आणि हिने घरी जाहीर केलं की मी आता परत बसणार नाही, मला स्पॅनिशमध्येच पुढे जायचंय. मग काय, घरात बोलाचाली, आई मधल्यामध्ये रडतेय, भाऊ म्हणतोय गुगल ट्रान्सलेट असताना कोण विचारणारे तुझ्या स्पॅनिशला.

वडिलांचं मी आधी नीट ऐकून घेतलं. चिडलेले होते पण चुकीचं काही बोलत नव्हते. मुलांच्या आवडीच्या मधे येऊ नका हे सांगणं फार सोपं असतं, पण ज्या घरात एका पगारावर मुलांची शिक्षणं झालीत त्या घराला "पुढे काय" विचारायचा पूर्ण हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. त्यांना मी तेच सांगितलं. म्हटलं प्रश्न बरोबर आहे तुमचा, फक्त त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात नाहीये, आपण ते शोधू. आणि मग श्रुतीला एकटीला बसवलं, कारण मला बघायचं होतं की सीएची धास्ती घेतली म्हणून स्पॅनिशचा आडोसा धरलाय की खरंच जीव रमलाय त्यात.

तिला विचारलं, त्या वर्गात तुला नेमकं काय आवडतं. मला वाटलं गाणी, सिरीज, फुटबॉल असं काहीतरी येईल. ती म्हणाली, "मॅडम, तिथे सगळेच चुकतात. कोणी कोणाला हसत नाही."

हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळी केस इथेच आहे. मराठी मीडियमची मुलगी अकरावीला इंग्लिशमध्ये कॉमर्स घेते तेव्हा पहिल्या दिवसापासून ती मागे असते, म्हणजे हुशारीत नाही, पण बोलण्यात. शेजारचा मुलगा केजीपासून इंग्लिश बोलत आलेला असतो, त्यामुळे हिला उत्तर येत असूनही हात वर होत नाही, तीन-चार वर्षं गेली की गप्प बसणं हाच स्वभाव आहे असं तिलाही वाटायला लागतं आणि घरच्यांनाही. स्पॅनिशच्या वर्गात मात्र कॉन्व्हेंटवाली पोरं पण शून्यापासूनच सुरू करतात. तिथे कुणाच्या घरी ती भाषा आधीपासून बोलली जात नाही. श्रुती तिथे पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीने उभी राहिली, आणि थोड्याच दिवसांत पुढे गेली, कारण मराठीवाल्याला काही गोष्टी तिथे फुकट मिळतात. वस्तूंनाही स्त्रीलिंग-पुल्लिंग असतं, त्याप्रमाणे विशेषण बदलतं, क्रियापदावरूनच कोण बोलतंय ते कळतं म्हणून 'मी' 'तू' गाळलं तरी चालतं, मोठ्यांशी बोलताना रूप वेगळं, हे सगळं इंग्लिशच्या सवयीने विचार करणाऱ्याला जड जातं, आपल्याला त्यात नवल वाटत नाही.

आईला मी बाजूला घेऊन विचारलं की तुम्हाला काही फरक जाणवतो का हिच्यात. तर त्या म्हणाल्या, "ताई, मागे बँकेत ह्यांच्या खात्याचं काहीतरी अडकलं होतं, तो साहेब इंग्लिशमध्येच बोलत होता, तर हिनेच पुढे होऊन त्याच्याशी बोलून काम करून आणलं. आधी ही फोन आला तरी माझ्या हातात द्यायची." बघा, शिकली स्पॅनिश आणि मोकळी झाली इंग्लिशमध्ये. एका भाषेत चुकत चुकत बोलायचं धाडस आलं की ते दुसरीकडेही वापरता येतं. हा फायदा कुठल्याच मार्कशीटवर छापून येत नाही पण पुढे इंटरव्ह्यूला, ऑफिसला, सासरी-माहेरी सगळीकडे उपयोगी पडतो, आणि मी एवढ्या मुलांबरोबर काम केल्यावर ठामपणे सांगते की नोकरीच्या आधी हा फायदा मोजायला हवा.

आणखी एक. ती मला पांडुरंग खानखोज्यांबद्दल सांगायला लागली. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्रज्ञ झाले, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं, मक्यावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीत जी भित्तिचित्रं काढलीत त्यातल्या एकात भाकरी मोडून वाटणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. हिला हे वर्गात कोणी सांगितलं नव्हतं, मेक्सिकोबद्दल स्पॅनिशमध्ये वाचता वाचता सापडलं आणि मग झपाटल्यासारखी शोधत बसली. जी मुलगी सीएचं पुस्तक उघडलं की घामाघूम व्हायची ती रात्री जागून परक्या भाषेत वाचतेय, म्हणजे आडोसा नाहीये हा, हे मला तिथे कळलं.

पण मग अकाउंट्सचं काय? तेही विचारलं. तर अकाउंट्स तिला आवडतच होतं! एन्ट्री टॅली झाली की बरं वाटतं म्हणाली. नकोशी होती ती फक्त परीक्षेची भीती आणि "आमच्या घरातली पहिली सीए" हे ओझं. म्हणजे घरात भांडण चाललं होतं कॉमर्स की स्पॅनिश, आणि दोन्हीतलं एक सोडायची मुळात गरजच नव्हती.

पुढच्या वेळी चौघांना एकत्र बसवलं आणि नोकरीचं गणित मांडलं. ते इथेही मांडते. नुसती स्पॅनिश हे करिअर थोड्याच जणांना पुरतं, म्हणजे शिक्षक, दुभाषी, साहित्याचे अनुवादक, त्यासाठी भाषेतच बी.ए.-एम.ए. करावं लागतं, दिल्लीचं जेएनयू आहे, हैदराबादचं इफ्लू म्हणजे इंग्लिश आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे, तिथे जायची तयारी हवी. बाकीच्यांसाठी स्पॅनिश अधिक काहीतरी असा हिशोब असतो. स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे, युनोच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, अमेरिकेतच घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींच्या वर आहेत. आपल्याकडून औषधं, मोटारसायकली, केमिकल्स, गाड्यांचे पार्ट लॅटिन अमेरिकेत जातात. टीसीएसने उरुग्वेत मोंतेव्हिदेओला २००२ मध्येच सेंटर काढलंय. वडोदऱ्याला टाटांचा सी-२९५ विमानांचा कारखाना एअरबसबरोबर उभा राहिला, त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं तेव्हा स्पेनचे पंतप्रधान आले होते. हे सगळं चालवायला मधे माणसं लागतात. औषध कंपनीला साइड इफेक्टचे रिपोर्ट स्पॅनिशमधून येतात ते वाचून इंग्लिशमध्ये नोंदवायला फार्मसीवाला लागतो, शिपिंगच्या कागदपत्रांना लॉजिस्टिक्सवाला, आणि बिलं-पेमेंट बघायला अकाउंट्सवाला. स्पेनमध्ये आपल्या जीएसटीसारखा इवा नावाचा टॅक्स आहे, साधारण दर २१ टक्के, मेक्सिकोत १६ टक्के. ज्या मुलीला जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स वजा करून घेणं, कळतं आणि स्पॅनिश बिल वाचता येतं तिला घेताना कंपनीला दोन माणसं घ्यावी लागत नाहीत.

वडील पहिल्यांदा जरा सरसावून बसले. एअरबस-बिअरबसने नाही हां, बिलाच्या उदाहरणाने. त्यांच्या कंपनीतही परदेशी पार्टीची बिलं अडकायची.

भावाने एआयचं काढलं. त्याचा मुद्दा मी उडवून लावला नाही, कारण तो खरा आहे. साधा मेल, साधं माहितीपत्रक मशीन आता बरं भाषांतर करतं आणि तसलं सुटं काम कमी झालंय, त्यामुळे "घरबसल्या ट्रान्सलेशन करून कमवा" वाल्या जाहिरातींवर विसंबून कोर्सला पैसे भरू नका. पण पेमेंट तीन महिने अडकलंय म्हणून तिकडचा सप्लायर फोनवर तावातावाने बोलतोय तेव्हा त्याला शांत करून नेमकं कुठलं बिल, कुठला आकडा हे काढून घ्यायला माणूसच लागतो, आणि मशीनने केलेल्या कराराच्या भाषांतरात चूक राहिली तर ती पकडायलाही भाषा येणारंच कोणीतरी लागतं. म्हणून थोडी भाषा येणाऱ्याला आता विचारत नाहीत, नीट येणाऱ्याला विचारतात.

नीट म्हणजे किती, हे पालकांनी जरूर समजून घ्या. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरल्यात, ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. कॉलेजचं सर्टिफिकेट कितीही सुंदर असलं तरी कंपनी विचारते लेव्हल कुठली. जिथे भाषा वापरून काम करायचंय त्या नोकरीला बी-टू धरून चाला, काही ठिकाणी चांगला बी-वन चालतो. बी-टूपर्यंत यायला वर्ग आणि घरचा अभ्यास धरून साधारण ५०० ते ६०० तास लागतात, म्हणजे रोज तास-दीड तास केलं तरी दीडएक वर्ष, आणि हे टाळता येत नाही. डेले नावाची परीक्षा असते, स्पेन सरकारची संस्था इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस घेते, वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं चारही त्यात येतं आणि पास झालात की ते सर्टिफिकेट कधी एक्स्पायर होत नाही. दुसरी सिएले, ती कॉम्प्युटरवर होते पण तिचा निकाल पाच वर्षंच चालतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने नुसतं ए-वन करून सीव्हीवर "स्पॅनिश" लिहिलं, इंटरव्ह्यू घेणारीने सरळ स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारला आणि पोरगा तिथेच गार पडला. हुशार होता, पण त्या एका ओळीमुळे बाकीच्या सीव्हीवरही तिचा विश्वास बसला नाही. जेवढं येतं तेवढंच लिहा, लेव्हलसकट. आणि ए-टू करा, स्पेनला नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटांपासून चार हात लांब राहा.

मग आईने इतका वेळ मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला, नाइट शिफ्टचा. आयटी पार्कवाल्या भागात राहणाऱ्या प्रत्येक आईचा असतो. मेक्सिको आपल्या साडेअकरा तास मागे आहे, तिकडे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तेव्हा तिकडच्या ऑफिसचं काम केलं तर रात्रपाळी आलीच. स्पेन मात्र हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, म्हणजे काम दुपारी सुरू होऊन रात्री संपतं. श्रुतीला म्हटलं तू आत्ताच ठरव कुठल्या बाजूची तयारी करायची, कारण उच्चार आणि बोलण्याची पद्धतही दोन्हीकडे जरा वेगळी आहे. घरी चर्चा होऊन स्पेन ठरलं.

शेवटी वडिलांनी एक अट घातली आणि मला ती फार आवडली. म्हणाले, "बी.कॉम. पूर्ण करायचं, अकाउंट्स सोडायचं नाही, आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत तू म्हणतेस ती बी-वन पास व्हायचं. झालीस तर पुढची फी माझी. नाही झालीस तर परत मॅडमकडे येऊन बसू." सीएबद्दल ते परत बोलले नाहीत. श्रुतीने तिथल्या तिथे हो म्हटलं.

मधला काळ सोपा गेला नाही. भूतकाळाची दोन रूपं आणि त्या पुढचं सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, आलं तेव्हा तिने मला मेसेज केला होता की सोडून द्यावंसं वाटतंय. मी म्हटलं आठवडाभर व्याकरण बंद ठेव, फक्त ऐक आणि बोल. तिने दोन क्लासमेट धरले, कळवा ते सीएसएमटी लोकलमध्ये तिघं स्पॅनिशमध्येच बोलायची, बायका बघत राहायच्या म्हणे. घरी आईला शिवताना शेजारी बसून मापं स्पॅनिशमध्ये मोजून दाखवायची. वडिलांनी कंपनीतून जुनी बिलांची फॉरमॅट आणून दिली, तीच भाषांतराला वापरली.

बी-वन झाली, पहिल्या फटक्यात. बी.कॉम. फर्स्ट क्लास. आता ऐरोलीत एका कंपनीत स्पेनच्या ऑफिसची बिलं आणि पेमेंट बघते, दुपारची शिफ्ट, रात्री सोडायला कंपनीची गाडी. पगारात भाषेचा अलाउन्स वेगळा मिळतो आणि बी-टूची परीक्षा फी कंपनी भरणार आहे. मधे फोनवर सांगत होती की माद्रिदच्या ऑफिसमधल्या बाईंशी आता कामाशिवायही बोलणं होतं, त्यांनी तिला चिलीच्या पाब्लो नेरुदा या कवीच्या कविता वाचायला सांगितल्यात, एक वाचून झाली, निम्मी कळली. आणि भाऊ विचारतोय की त्याच्या प्रोजेक्टला बार्सिलोनाचा क्लायंट आलाय, तर ए-वनचा क्लास कुठे लावू.