महिला फुटबॉलच्या आशियाई चषकात भारताकडून किती आशा ठेवायची?

तुम्ही विचारलंय की मार्च 2026 मध्ये ऑस्ट्रेलियात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईच्या (म्हणजे तैवानच्या) गटात भारताला काही संधी आहे का, की विश्वचषक गाठायची भाषा म्हणजे नुसती हवा. वर जाताजाता टाकलंय, 'गेल्या वेळी घरच्या मैदानावर पहिल्याच फेरीत बाहेर पडलो होतो.'

संधी आहे. किती, ते खाली मांडतो. पण ते 'बाहेर पडलो' आधी खोडू द्या.

जानेवारी 2022. हीच स्पर्धा भारतात, सामने अंधेरी, नेरूळ आणि पुण्याला, प्रेक्षकांना प्रवेश बंद. 20 तारखेला डी. वाय. पाटीलवर इराणशी 0-0. इराण ही स्पर्धा पहिल्यांदाच खेळत होता, चेंडू बहुतेक वेळ आपल्याकडे होता, तरी गोल होईना. एवढा दोष आपला, मान्य. 23 तारखेला त्याच मैदानावर तैपेईशी सामना होता. याच तैपेईला ऑक्टोबर 2021 मध्ये बहरीनला आपण 1-0 हरवलेलं. पण तोवर पथकात कोरोना इतका पसरला की किमान 13 खेळाडूंची नावंसुद्धा देता आली नाहीत. नियम असा की 13 नावं नसतील तर संघाने माघार घेतली असं धरायचं. सामना पुढे ढकलला नाही, इराणविरुद्धची बरोबरीही रद्द केली. एकही सामना न हरता यजमान घरी, आणि लोक चार वर्षं म्हणतायत 'पहिल्याच फेरीत गारद'.

आता याच स्पर्धेतलं व्हिएतनाम बघा. गटात जपान आणि दक्षिण कोरियाकडून प्रत्येकी 0-3 हार, म्यानमारशी 2-2. एक गुण. तेवढ्यावर तिसऱ्या क्रमांकाच्या वाटेने ते उपांत्यपूर्व फेरीत गेले, तिथे चीनकडून 1-3 हरले, मग प्ले-ऑफमध्ये, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीत, थायलंडला 2-0 आणि तैपेईला 2-1 हरवून 2023 च्या विश्वचषकाला पोचले. म्हणजे विश्वचषकाचं तिकीट आपल्या अंगणात कापलं गेलं, नाव दुसऱ्याचं.

तर हिशेब. बारा संघ, तीन गट. प्रत्येकी पहिले दोन पुढे, शिवाय तिसऱ्या क्रमांकाच्या तिघांतले दोन. म्हणजे तिसऱ्यांपैकी एकच घरी जातो. उपांत्य फेरीतले चार थेट 2027 च्या ब्राझील विश्वचषकाला, आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांचे दोन प्ले-ऑफ. ते जिंकणारे दोघेही थेट. हरणाऱ्यांनाही आंतरखंडीय (इतर खंडांतल्या संघांशी होणाऱ्या) प्ले-ऑफचं दार उघडं राहतं. आठांत पोचलं की विश्वचषक एका सामन्यावर येतो. म्हणून ही भाषा हवा नाही.

आठांत पोचायला एक विजय हवाच. दुसऱ्या गटांत ऑस्ट्रेलिया-दक्षिण कोरिया आणि चीन-उत्तर कोरिया अशा जोड्या आहेत, त्यामुळे तिथल्या तिसऱ्यांकडे बहुधा चौथ्याला हरवून मिळालेले 3 गुणच असतील. तिघेही तीनवर अडकले की गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) बोलतो. इथे बरेच जण चुकतात: गटात दोन संघांचे गुण समान असतील तर आधी आपसातला निकाल बघतात, पण वेगवेगळ्या गटांतल्या तिसऱ्यांची तुलना करताना थेट गोलफरक. म्हणून जपानकडून 0-3 हरणं आणि 0-7 हरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ताश्कंदला ऑलिंपिक पात्रतेत आपण त्यांच्याकडून 0-7 हरलोच आहोत. 7 मार्चला जपानशी पाच जणींची बचावफळी लावून, 0-2 झाल्यावरही तशीच ठेवावी. 'आक्रमक खेळा, हरलो तरी चालेल' हा सल्ला सोफ्यावर बसून छान वाटतो.

मग जिंकायचं कुणाशी? 4 मार्चला व्हिएतनाम, 10 मार्चला तैपेई. व्हिएतनामने ताश्कंदमध्येच आपल्याला 3-1 हरवलं. तैपेईशी 2023 च्या हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत अंजू तमांगने 47व्या मिनिटाला आघाडी दिली होती. गोल खाल्ले 68 आणि 84व्या मिनिटाला, हार 1-2. ती वेळच सगळं सांगते. 2024-25 च्या आपल्या देशातल्या महिला लीगमध्ये आठ संघ होते, एका संघाचे सामने 14. एवढ्याशा खेळावर शेवटच्या वीस मिनिटांचा दम तयार होत नाही. पाय जड झाले की मधली फळी मागे सरकते, आपण बाहेर काढलेला चेंडू पुन्हा त्यांनाच मिळतो आणि दुसऱ्या लाटेवर गोल बसतो. पाच बदल करता येतात. त्यातले दोन मधल्या फळीत, साठाव्या मिनिटाच्या आसपास, आघाडीवर असलो तरी.

तैपेईचा सामना सिडनीला, आधीचे दोन पर्थला. मध्ये तीन दिवस, तीन हजारांवर किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. जपानच्या सामन्यात तैपेईसाठी लागणाऱ्या दोघी-तिघी तासाभराने बाहेर काढल्या तर मला राग येणार नाही. (बघणाऱ्यांसाठी: पर्थ आपल्यापुढे अडीच तास, सिडनी साडेपाच.)

मग माझी आशा कशावर? जून-जुलै 2025 मध्ये थायलंडमधल्या चियांग माईला झालेल्या पात्रता फेरीवर. मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तला 4-0, इराकला 5-0. हे सोडा, त्यात कस लागत नाही. पण शेवटी थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं, दोन्ही गोल संगीता बसफोरचे, आणि दुसरा बरोबरी झाल्यानंतर, 74व्या मिनिटाला. उशिरा गोल खाणाऱ्या संघाने तिथे उशिरा गोल केला. पात्रता फेरी खेळून या स्पर्धेत आपण पहिल्यांदाच आलोय.

एक कबूल करतो. 2022 मध्ये व्हिएतनाम एका गुणावर पुढे गेलं खरं, पण आपण गेल्यावर आपल्या गटात तीनच संघ उरले होते आणि तिथला तिसरा, इराण, शून्यावर होता. यंदा एका गुणावर कुणी आत घेणार नाही. आणि ऐनवेळी कुणी जखमी झालं तर वरचा हिशेब बदलेल.

बाकी, 2 नोव्हेंबर 2025 ला याच डी. वाय. पाटीलवर मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा मैदान भरलेलं होतं. फुटबॉलच्या मुली तिथे रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळल्या आणि तोही सामना रद्द झाला. पुढच्या वेळी ऑफिसात किंवा लोकलमध्ये कुणी 'घरच्या स्पर्धेत हरल्या' म्हणालं, तर कुणाशी हरल्या ते विचारा.