समुद्र आम्लधर्मी होतोय म्हणजे शिंपले विरघळून जाणार का?

व्हिनेगरमध्ये टाकल्यासारखे नाही. पीएच, म्हणजे आम्लता मोजायची पट्टी (7 च्या खाली आम्ल, वर अल्क), साधारण 8.2 वरून 8.1 वर आलाय, म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे. खरी गोची वेगळी आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की हायड्रोजन आयन वाढतात आणि ते कार्बोनेट पळवतात. कवचाचं कॅल्शियम कार्बोनेट त्यातूनच तर बनतं! विटाच कमी पडल्यावर गवंडी काय करणार?

सगळ्यात हाल कालवांच्या पिल्लांचे. अंड्यातल्या शिदोरीवर पहिलं कवच दोनेक दिवसांत उभं करायचं असतं, तिथेच दमछाक होते. समुद्री फुलपाखरू नावाच्या इवल्या गोगलगायीचं काचेसारखं कवच अ‍ॅरागोनाइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका लवकर विरघळणाऱ्या प्रकाराचं. पीएच आणखी कमी केलेल्या पाण्यातल्या प्रयोगांत ते आधी धुरकट होतं, मग त्यावर चरे पडतात. काही खेकडे मात्र बऱ्यापैकी तग धरतात.